चार चिंचोक्यांचा खरा खेळ

आमच्या घरी कापसाची खोली होती असं मी सांगते तेव्हा नातसुनेला वाटतं, कापूस ठेवायचं एखादं कपाट असेल. खोली म्हणजे खोलीच. माळवदाखाली, चुलीच्या भिंतीला लागून; एक दार, वर एक झरोका. दिवाळी झाली की वेचणी लागायची आणि खोली रोज थोडी थोडी भरत जायची. संक्रांतीच्या सुमाराला दार उघडावं तर कापूस पायावर यायचा. थंडीत आम्ही भावंडं त्यातच झोपायचो. ऊब अशी की सकाळी उठवत नसे, आणि पिसवा अशा की झोपू देत नसत. कापूस मळतो म्हणून माय रोज ओरडायची, आणि निजायच्या वेळी स्वतःच कवेत मावेल तेवढा कापूस आमच्या अंगावर ओढून जायची. सरकीचा तो तेलकट, किंचित कडसर वास अजून नाकात आहे. त्या वासाबरोबर खरं तर सुख आठवायला हवं. मला लाज आठवते. घरात कुणाला सांगितलं तर म्हणतात, एवढं काय त्यात, पोरवय होतं. म्हणून सांगणं सोडून दिलं होतं आणि आता लिहायला बसले आहे.

माझ्या वडिलांना सगळं गाव मालक म्हणायचं आणि आम्ही आबा म्हणायचो. चार बैलांची शेती, निम्मी काळी, निम्मी चुनखडीची. आबांच्या दोन गोष्टी पंचक्रोशीत माहीत होत्या, एक त्यांचा राग आणि दुसरं त्यांचं माप. ज्वारी मोजून द्यायला बसले की मापट्यावर शीग ठेवायचे, आणि सांडलेले दाणेसुद्धा घेणाऱ्याच्या पदरात लोटायचे. जेवायला बसले की भाकरीचा पहिला तुकडा अंबाडीच्या भाजीत बुडवता बुडवता एक वाक्य हमखास म्हणायचे, "खोट्याचं खाल्लेलं अंगी लागत न्हाई." आम्ही पोरं ते वाक्य त्यांच्या आधीच ओठांत म्हणून टाकायचो आणि हसू दाबायला जवसाची चटणी तोंडात भरायचो. पण ते वाक्य आमच्या हाडात मुरलं होतं. त्या घरात चोरी, लबाडी, मापात मारणं ह्या गोष्टी दुसऱ्यांच्या घरी होत असत, आमच्याकडे नाही, असा माझा पक्का समज होता. अभिमान म्हणा ना.

त्या अभिमानाला खतपाणी घालणारा एक रिवाज होता. वेचणाऱ्या बायांना मजुरी रोकड मिळत नसे, कापसातच मिळे. दिवस कलला की बाया ओट्या भरून अंगणात यायच्या, आपापला कापूस जमिनीवर ओतायच्या आणि त्याचे बारा वाटे करायच्या. त्यातला एक वाटा वेचणारीचा. पण तो कोणता, हे मालकाच्या घरातल्या माणसानं बोट दाखवून सांगायचं. वाटे करणार ती आणि निवडणार आम्ही, तेव्हा एखादा ढीग मोठा ठेवून तिला फायदा नाही आणि लहान ठेवला तर तोच पदरात यायची भीती. काटा नको, तराजू नको, भांडण नको. आबांनी बोट दाखवायचं काम माझ्याकडे दिलं होतं. मी तेरा-चौदा वर्षांची असेन. लग्न ठरत होतं आणि मोडत होतं. मी डोळे मिटून, गोल फिरून बोट दाखवायची, म्हणजे कुणाला म्हणायला जागा नको. बाया हसायच्या. म्हणायच्या, "आक्काच्या बोटात देव हाय." मला ते खरं वाटायचं.

त्या बायांत गया होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, तरी मला आक्का म्हणायची, कारण मी मालकाची लेक. आणि मी तिला नुसत्या नावानं हाक मारायची, कारण ती धनगरवाड्यातली. ह्याचं तेव्हा काही वाटत नसे. नवऱ्यानं दुसरी करून तिला टाकली होती, आणि ती भाऊ लिंबाजीच्या घरी राहायची. भावजय तिच्या ताटातल्या भाकरी मोजायची, हे गया स्वतःच नकला करून सांगायची. "एक झाली, दोन झाली, आता पोट फुटंल वन्सं," असं नाकात बोलून दाखवायची आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं हसायची. दोन्ही हातांनी वेचायची. बाकीच्या बायांची ओटी भरेस्तोवर हिची दुसरी भरलेली असायची.

गयाला एक शेळी हवी होती. लिंबाजीच्या कळपात एक भोरी शेळी होती, दरवेळी जुळं देणारी. त्यांच्यात अशी रीत होती की बाईच्या नावाची शेळी आणि तिची सगळी वीण त्या बाईची. भाऊ असो, नवरा असो, कुणी तिच्यावर हक्क सांगायचा नाही. एक शेळी म्हणजे दोन वर्षांत पाच-सहा शेळ्या, आणि पाच-सहा शेळ्यांची मालकीण असलेल्या नणंदेच्या भाकरी कुणी मोजत नाही. लिंबाजी माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, वेचणीच्या शेवटी कापूस आण आणि शेळी घेऊन जा. किती कापूस तेही ठरलं होतं. पण गयाचा वाटा तिच्या घरी ठेवला तर भावजय त्यातून वाती वळणार, गोधडी भरणार. म्हणून मायला विचारून तिनं आपला कापूस आमच्याच खोलीत, झरोक्याखालच्या कोपऱ्यात, एका फाटक्या घोंगड्यात बांधून ठेवायला सुरुवात केली. अमानत म्हणून. पहिल्या दिवशी घोंगड्याची गाठ मारताना मला म्हणाली, "आक्का, हे तुझ्यावर बरं का." मी मान डोलावली.

खेळ काढला आमच्या आत्यानं. आत्या म्हणजे आबांची विधवा बहीण, तोंडात कायम मिश्री आणि जिभेवर कायम काहीतरी वाह्यात. दिवाळीत जो एक तरी डाव टाकत नाही तो पुढच्या जन्मी गाढव होतो, असं ती म्हणायची, आणि गाढव व्हायची भीती तिला बाराही महिने वाटायची. तिनं दोन चिंचोके फोडले, चार फाका केल्या, एक बाजू दगडावर घासून पांढरी केली. जमिनीवर कोळशानं पाच घरं काढली. चारही काळे पडले तर पहिलं घर, एक पांढरा पडला तर दुसरं, मग दोन, तीन आणि चारही पांढरे. ज्या घरावर लावाल ते पडलं तर लावलेल्याच्या पाचपट उचला. पाच घरं म्हणून पाचपट, इतका साधा हिशेब. आधी शेंगांवर खेळलो, मग शेंगा खाऊन संपल्या तेव्हा कापसावर. बायांच्या वाट्यातला कापूस आणि आमच्याकडून खोलीतला. मुठी लहानमोठ्या, त्यावरून कुरबुर व्हायला लागली, तर मी धान्य मोजायचं चिपटं आणलं आणि दाबून भरलेलं चिपटं हे माप ठरवलं. आत्याचे गुडघे दुखायचे, म्हणून बसणारी मी झाले. बसणारी म्हणजे जिच्याविरुद्ध बाकीच्या सगळ्या लावतात ती.

चार दिवसांत बायांच्या लक्षात आलं की दोनचं घर फार पडतं. सगळ्या दोनवरच लावायला लागल्या आणि मी चिपट्यामागून चिपटी द्यायला लागले. मायनं पाहिलं आणि सुनावलं की बापाचा कापूस मोकळ्या हातानं वाटायलीस, ऐकलं तर आबा फोडून काढतील. खेळ बंद कर म्हणाली. मला बंद करायचा नव्हता. मला तो समजून घ्यायचा होता. माझा थोरला भाऊ, दादा, परभणीला उर्दू शाळेत शिकायचा, सुट्टीत आला की मला हिसाब शिकवायचा, आणि त्या हिसाबाची मला भूक लागलेली होती. मी चार फाका समोर घेऊन बसले. त्यांना नावं दिली आबा, माय, आत्या आणि मी. पांढरी म्हणजे घरात, काळी म्हणजे रानात. चौघंही रानात असण्याची तऱ्हा एकच. एकच माणूस घरात असेल तर तो चौघांपैकी कुणीही असू शकतो, म्हणजे चार तऱ्हा. दोघं घरात असतील तर आबा आणि माय, आबा आणि आत्या, आबा आणि मी, माय आणि आत्या, माय आणि मी, आत्या आणि मी. सहा. तिघं घरात म्हणजे एकच रानात, पुन्हा चार. सगळे घरात, एक. मी भिंतीवर रेघा ओढल्या आणि मोजल्या. सोळा. आत्या मागून बघत होती. म्हणाली, "मला घरात ठेव बाई, माझे गुडघे दुखतेत." मी हसलेही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी न सांगता एक गोष्ट कळली होती, आणि अंगावर काटा आला होता.

मग मी खरे भाव बांधले. चारही काळे किंवा चारही पांढरे हे सोळांत एकदाच पडायचं, तर एकाला सोळा. एक पांढरा किंवा तीन पांढरे, तर एकाला चार. दोन पांढरे, तर तीन लावा आणि आठ उचला. असे भाव ठेवले म्हणजे शेवटी कुणाचंच जाणार नाही आणि कुणाला फुकट मिळणारही नाही. पण फाका टाकून पाहिल्या तर हिशेब जुळेना. काळे जास्त पडायला लागले. फाकेची घासलेली बाजू सपाट आणि काळी बाजू फुगीर, म्हणून ती सपाट अंगावर बसायची. हे चालवून घेता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण मी आबांची लेक. मी नवे चिंचोके फोडले, दोन्ही अंगं सारखी घासली आणि एका अंगाला बिब्ब्याचं तेल लावून काळं केलं. बिब्बा माझ्या बोटांवर उतला. दोन्ही हातांना फोड आले, भाकरीसुद्धा मायनं भरवली. त्या फोडांचा मला इतका गर्व होता की ते बरे होऊ नयेत असं वाटायचं. मायला मी सांगितलं की आता आपला कापूस जाणारही नाही आणि येणारही नाही, खेळ खरा झालाय. माय म्हणाली, मग खेळता कशाला. हा प्रश्न मी तेव्हा ऐकलाच नाही.

परवा धाकटा नातू मोबाईलवर काहीतरी पत्त्यांचा खेळ पैसे लावून खेळत होता. मी बोलले तर म्हणाला, आजी, हे एकदम फेअर आहे, कंपनी चीटिंग करत नाही, सर्टिफिकेट आहे. मी म्हटलं, चीटिंग करत असती तर बरं झालं असतं. तो हसला आणि त्यानं आवाज बंद केला, म्हणजे मला ऐकू जाऊ नये म्हणून. माझं वाक्य त्याला म्हातारीचं वाटलं असणार.

बायांना मी सगळं समजावून सांगितलं. सोळा तऱ्हा, घरात कोण, रानात कोण. त्यांना त्यातलं सगळंच कळलं असं नाही, पण माझे फोड त्यांना दिसत होते आणि आबांचं नाव होतं. आक्काचा खेळ खरा, असं बोललं जाऊ लागलं. दिवस मावळायच्या आधी, आबा रानातून यायच्या आत, वाटे झाले की अंगणात बसकण पडायची. पिंगळीकडून संध्याकाळच्या गाडीची शिटी ऐकू आली की शेवटचा डाव. कुणी दोन चिपटी जिंकून जायची, कुणी तीन हरून. चिंचोके परातीत पडले की टणटण वाजायचे आणि सगळ्या परातीवर वाकायच्या. गया खेळायची नाही. ती कापसाचा वाटा घोंगड्यात बांधायची, गाठ ओढायची आणि आमच्या पाठीमागे उभी राहून दुसऱ्यांना सल्ले द्यायची.

मग लिंबाजीनं सांगितलं की भोरी गाभण आहे. आता एका शेळीत तीन जीव, तर तेवढ्याच कापसाला कशी देऊ. वाढवून दे. त्याच्या बाजूनं तेही बरोबर होतं. पण वेचणी निम्म्याहून जास्त सरली होती, कपाशीची बोंडं विरळ झाली होती, आणि गयानं दोन्ही हातांऐवजी चार हातांनी वेचलं असतं तरी तेवढा कापूस होणार नव्हता. ज्या दिवशी हे कळलं त्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि एक चिपटं चार काळ्यांवर लावलं.

आणि ते पडलं. माझ्या मोजणीप्रमाणे सोळांत एकदा पडायचं ते पहिल्याच फेकीला पडलं. बाया ओरडल्या. मी सोळा चिपटी दाबून दाबून मोजून दिली, सतराव्याच्या जागी वर एक मूठ हौसेची दिली. गयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू. वाटलं, बघा, खोटा खेळ असता तर हे झालं असतं का.

पुढचे आठ-दहा दिवस ती रोज खेळली. कधी जिंकायची, कधी हरायची. माझंही तसंच. मला आठवतं, एका संध्याकाळी तर मी खूप हरले होते, आणि खोलीत जाऊन पाहिलं तर ढिगाला काही फरकच दिसला नाही. घोंगड्याला मात्र रोज फरक दिसायचा. फुगायचं, बसायचं, पुन्हा थोडं फुगायचं. ती हरली की कापूस कोपऱ्यातून काढून ढिगावर टाकायचा आणि जिंकली की ढिगावरून काढून कोपऱ्यात. कापूस खोलीच्या बाहेर गेलाच नाही, नुसता तीन हात इकडून तिकडे. एकदा गया म्हणाली, "आक्का, एक दिवस मी बसू का? तुमी समद्याजणी लावा." मी खऱ्या माणसासारखा खरा हिशेब सांगितला. म्हटलं, बसणारीला एकाला सोळा द्यावे लागतात, आणि पाचजणींचं एकदम पडलं तर ऐंशी. तेवढा कापूस आधी दाखव, मग बस. तेवढा तिच्याकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. तेवढा कापूस फक्त माझ्या पाठीमागच्या खोलीत होता, आणि तो माझा नव्हता. गया म्हणाली, "बरोबर हाय," आणि पुन्हा लावायला बसली.

हे मला फार उशिरा कळलं, इतक्या उशिरा की सांगायला लाज वाटते. खेळ कितीही खरा असला तरी चढउतार असतोच. मी उतारावर असले की बसून राहू शकत होते, आज नाहीतर उद्या वर येईन म्हणून, कारण माझी खोली संपणारच नव्हती. ती उतारावर असताना एकदा तळाला लागली की तिला पुढची फेक नव्हती. जिचं संपतं तिचा खेळ तिथंच थांबतो. माझ्या सोळा तऱ्हांत ही तऱ्हा मी मोजलीच नव्हती. मी चिंचोके घासून सारखे केले होते. समोरासमोर बसलेल्या आम्ही दोघी सारख्या नव्हतो, आणि तिकडे मी पाहिलंच नाही.

वेचणीचा शेवटचा दिवस आला तोवर घोंगडं जवळजवळ रिकामं झालं होतं. शेवटच्या दोन दिवसांत तिनं फार मोठं मोठं लावलं. मी एकदाही "पुरे" म्हटलं नाही. मला वाटायचं, मी पुरे म्हटलं तर माझाच खेळ खोटा आहे असा अर्थ होईल.

परभणीला कापूस न्यायला गाडी जुंपून अंगणात उभी होती. गडी खोलीतून कापूस काढून गाडीत तुडवत होते. आबा तराजूपाशी होते. त्याच वेळी लिंबाजी आला. शब्दाला जागणारा माणूस, भोरी शेळीला दोरी लावून घेऊन आला होता. तिचं पोट दोन्ही बाजूंनी निघालेलं. अंगणात आल्या आल्या तिनं सांडलेल्या सरकीला तोंड घातलं. लिंबाजी म्हणाला, काढ बाई तुझं घोंगडं, मालकांच्या समोर तोलून घेऊ. गया जागची हलली नाही. शेवटी मीच आत गेले आणि घोंगडं उचलून आणलं. ते मला, माझ्यासारख्या काटकुळ्या पोरीला, एका हातानं उचलता आलं. लिंबाजीनं ते घेतलं, गाठ सोडून पाहिलं आणि पुन्हा बांधलं. बोलले ते आबा. माझ्या घरात ठेवलेला बाईचा कापूस गेला कुठं, असं त्यांनी विचारलं, आणि तो आवाज असा होता की गाडीतले गडी तुडवायचे थांबले.

आत्यानं सगळं सांगून टाकलं. खेळ, चिंचोके, चिपटी, सगळं. आबांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं आता हात उठणार. पण त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"कमळे, खेळात खोटं केलंस का? केलं असंल तर सांग. तिचा सगळा कापूस ह्या गाडीतनं आत्ता उतरवतो, वर दंडाचा तेवढाच देतो. पर खरं सांग."

अंगणात शेळीच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. गया माझ्याकडे बघत होती. त्या बघण्यात मागणं होतं की नव्हतं, हे मी इतकी वर्षं ठरवते आहे आणि ठरत नाही.

मी म्हणाले, "न्हाई आबा. खेळ खरा हाय. सोळाच्या सोळा तऱ्हा मोजून भाव बांधलेत."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. मी समजावून सांगायला लागले. चौघं रानात एक तऱ्हा, एक घरात चार तऱ्हा, बोटं मोडून मोडून. फोडांचे डाग दाखवले. फुगीर फाका मी कशा टाकून दिल्या तेही सांगितलं. बापासमोर, गड्यांसमोर, आणि ज्या बाईची शेळी तिच्या डोळ्यांदेखत दोरीला उभी होती तिच्यासमोर मी माझा हिशेब म्हणून दाखवला, आणि म्हणताना माझा आवाज खणखणीत होता. आबांनी पूर्ण ऐकलं. मग गयाकडे वळून विचारलं, पोरगी म्हणतीय ते खरं का.

"खरं हाय मालक," गया म्हणाली. "आक्कानं एक चिपटं बी कमी दिलं न्हाई. माझंच नशीब खोटं."

आबांचा चेहरा मोकळा झाला. खेळात हरलेलं मागत नसतात, म्हणाले, आणि जिंकलेलं देत नसतात. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात डोक्यावर येणं ही आमच्या घरात दिवाळी-दसऱ्याची गोष्ट. गडी पुन्हा कापूस तुडवायला लागले. लिंबाजीनं शेळीची दोरी ओढली. ती सरकी सोडून यायला तयार नव्हती, तर गयानंच तिला मागून हुसकलं. त्या शेळीला आणि तिच्या पोटातल्यांना पोखर्णीच्या जत्रेत गिऱ्हाईक मिळालं असं नंतर कानावर आलं. पुढच्या वर्षी गया वेचणीला आली. माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली, तिच्या नकला तशाच, हसणं तसंच. माझ्यावर तिचा राग नव्हता. राग धरायला मी तिला जागाच ठेवली नव्हती. तेच मला सोसत नाही.

एक "हो" म्हणायचं होतं. आबांनी थोबाडीत मारली असती, गावात चार दिवस माझी छी-थू झाली असती, कदाचित ठरत असलेलं लग्न मोडलं असतं. ते तसंही मोडलंच. आणि गया त्या संध्याकाळी आपली शेळी घेऊन घरी गेली असती. मी खरं बोलले असं आबा मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहिले, आणि दरवेळी मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. मला त्या वेळी खऱ्याची चाड नव्हती. माझ्या खेळाला कुणी खोटं म्हणू नये, एवढीच होती.